असईचा हत्ती आणि आपला हट्ट

उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांची एका रविवारची सहल एका प्रश्नावर अडली. न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्यूझियममध्ये मुलांना न्यायचे ठरले होते. नगराचे संग्रहालय, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, बाहेर पाऊस असला तरी बिघडत नाही, आणि दारातून आत शिरताच 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चाललेली पहिली नौका अख्खी उभी. तेवढ्यात कोणीतरी निदर्शनास आणले की त्याच इमारतीत घोडदळाच्या रेजिमेंटचे एक दालन आहे, आणि त्या रेजिमेंटच्या मानचिन्हांत 'असई' हे नाव कोरलेला हत्ती आहे. असई म्हणजे आपल्याच जालना जिल्ह्यातील गाव, जेथे १८०३ मध्ये इंग्रजांनी मराठी फौजेला हरवले. झाले, तीन तट पडले. एकांचे म्हणणे, आपल्याच पराभवाचे प्रदर्शन पाहायला मुलांना कशाला न्यायचे? दुसऱ्यांचे म्हणणे, दोन शतके उलटली, तलवारी पाहा, गणवेश पाहा आणि पुढे चला. तिसरा तट सर्वांत मोठ्या आवाजाचा: आपले जे जे नेले ते आधी परत करा म्हणावे, मग बघू.

हा वाद आमच्या मंडळापुरता नाही. वाघनखे साताऱ्यात आली तेव्हा तो झाला, २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली गेली तेव्हाही झाला, आणि इंग्लंडात पुतळे व फलक यांवरून तो वेगळ्या शब्दांत चालूच असतो. प्रत्येक वेळी तो वाईट रीतीने लढवला जातो, कारण तिन्ही पक्ष त्या दालनाकडे एकतर देव्हारा म्हणून पाहतात, नाहीतर चोरबाजार म्हणून. माझे मत आधीच सांगतो. असे रेजिमेंटचे दालन नगर-संग्रहालयातच राहिले पाहिजे. ते बंद करणे चूक, उचलून एखाद्या स्वतंत्र लष्करी संग्रहालयात नेणे त्याहून चूक. आणि तेथे आपण मराठी माणसांनी जायला हवे ते पाहुणे म्हणून नाही आणि फिर्यादी म्हणूनही नाही, तर कागद वाचता येणारे वारस म्हणून. जेत्याने लिहिलेला मजकूर वाचण्याची कला पराभूतांच्या वंशजांना अवगत नसेल, तर परत आलेली तलवारही मुकीच राहते.

आधी तो हत्ती कोठून आला ते पाहू. १७८१ मध्ये खास हिंदुस्थानातील चाकरीसाठी इंग्लंडात एक घोडदळ उभे राहिले, त्याचा क्रमांक पुढे १९ वे लाइट ड्रॅगून्स (म्हणजे हलके घोडदळ) असा ठरला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, फौजेत गोऱ्या घोडदळाची हीच एक रेजिमेंट होती. पुढे १८२१ मध्ये ती मोडीत काढली गेली. म्हणजे माणसे घरी गेली, निशाणे गुंडाळली गेली, संपले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १८५७ च्या उठावात बंगालचे देशी घोडदळ हातचे गेल्यावर, कंपनीने युरोपीय स्वारांचे नवे रिसाले उभारले. त्यांपैकी पहिला कंपनी बुडाल्यावर राणीच्या सैन्यात १९ वे हुसार्स (हेही हलके घोडदळच) म्हणून दाखल झाला. या नव्या १९ व्याचा जुन्या १९ व्याशी संबंध काय? आकड्याचा. तरीही १८७४ मध्ये जुन्या रेजिमेंटचे युद्धसन्मान आणि हत्ती नव्या रेजिमेंटला बहाल झाले. १९२२ मध्ये ती १५ व्या हुसार्समध्ये विलीन झाली, १९९२ मध्ये तीही जोडी आणखी एका जोडीत विरघळून लाइट ड्रॅगून्स झाली, आणि हत्ती या सर्वांच्या खांद्यांवरून उतरत उतरत टाइन नदीकाठच्या या इमारतीत पोचला. आपल्याकडे दत्तकविधानाने गाद्या चालत, त्यातलाच हा प्रकार. ज्यांना हा वारसा रक्ताचा आणि म्हणून अस्पर्श वाटतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे की तो एका सरकारी हुकमाने दिलेला आहे. हुकमाने मिळालेल्या वारशाची चिकित्सा करायला कोणाची परवानगी लागावी?

आता पहिल्या तटाचा मुद्दा, जो मला सर्वांत वजनदार वाटतो आणि जो मी पुरता मान्य करतो. काचेच्या कपाटात वस्तू ठेवणे ही कृतीच निःपक्षपाती नसते. मखमलीवर मांडलेले पदक, पॉलिश केलेले बटण, भाल्याच्या टोकावरचा रंगीत पताकेचा तुकडा या सर्वांवर दिवा असा पाडलेला असतो की डोळे आपोआप आदराने झुकावेत. त्यात त्या हत्तीचे पाहा. बोटाच्या पेराएवढे धातूचे जनावर, वर इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव. लढाई शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी झाली, दोन नद्यांच्या बेचक्यात झाली, पण विजयाचे चिन्ह म्हणून निवडले गेले ते जनावर. जिंकलेल्या मुलखाचे जनावर लढणाऱ्यांच्या जागी उभे करायचे, ही कल्पना वरवर निरागस आहे. मात्र त्या चिन्हात माणसे मावलेली नाहीत. 'असई' या शब्दापुढे कोण मेले, कोणी मारले, कशासाठी, यातले काहीही नाही. एवढ्या संक्षेपाला मौन म्हणावे लागते, आणि त्या मौनासमोर मुलांना उभे करायला आईबाप कचरतात यात मला काही गैर वाटत नाही.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. मौन आहे म्हणून जायचे नाही, असे म्हणणाऱ्याने ते मौन कायमचे पक्के केले. असईला काय झाले हे ज्याला माहीत आहे, त्याने त्या कपाटासमोर उभे राहिले की तोच हत्ती बोलू लागतो. काय बोलतो? पहिली गोष्ट, त्या दिवशी वेलस्लीच्या सुमारे सात हजार माणसांत गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या; बाकी पायदळ मद्रासी शिपायांचे, आणि घोडदळाच्या हल्ल्यात १९ व्याच्या जोडीला मद्रासच्या तीन देशी रेजिमेंट. नदीच्या अलीकडे मराठी घोडदळाला रोखून धरायला जे स्वार ठेवले होते ते म्हैसूरचे आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे, म्हणजे मराठेच. वसईच्या तहाची शाई वाळून नऊ महिने झाले नव्हते. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती होता पोलमन, हॅनोव्हरचा. थोडक्यात, इंग्रजांच्या बाजूने मराठे आणि मराठ्यांच्या बाजूने जर्मन. बापू गोखले याच मोहिमेत वेलस्लीच्या सोबत होते, आणि तेच बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. 'आपला पराभव' हे दोन शब्द आपण किती घाईने उच्चारतो, हे अशा दालनात उभे राहिल्यावर कळते. आपल्यातला नेमका कोण हरला?

दुसरी गोष्ट गोलंदाजांची. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी इंग्रज फौजेची जी दाणादाण उडवली तिची कबुली वेलस्लीच्या पत्रांत आहे; त्याची सुमारे सोळाशे माणसे मेली वा जखमी झाली, आणि पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला असईचे नाव घेत असे, असे सांगतात. इंग्रज पायदळ तोफांची रांग ओलांडून पुढे गेले तेव्हा तोफांशेजारी मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून भडिमार सुरू केला. वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. १९ व्या ड्रॅगून्सचा आणि सगळ्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल दिवसअखेरच्या हल्ल्यात ठार झाला. एकूण ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. हे सारे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला त्या हत्तीमुळे न्यूनगंड येईल, हे मला पटत नाही. न्यूनगंड येतो तो काहीच ठाऊक नसताना.

दुसऱ्या तटाशी, म्हणजे 'इतिहास म्हणून सोडून द्या' म्हणणाऱ्यांशी, माझे भांडण अधिक आहे, कारण त्यांचा सूर समंजस असतो. त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग असा की १८०३ च्या स्वाराला आजच्या न्यायासनापुढे उभे करण्यात फारसे हशील नाही. घोडदळात भरती होणारी इंग्रज, आयरिश, स्कॉटिश पोरे बहुतेक गरिबाघरची होती, कितीतरी तर युद्धात नव्हे, तापाने आणि हगवणीने मेली. त्यांची पदके पणतवंडांनी संग्रहालयाला दिली ती पणजोबांची आठवण म्हणून. त्या आठवणीवर चिखल उडवणे असभ्यपणाचे आहे, हे कबूल. परंतु आदर राखणे म्हणजे अर्धेच सांगणे असे कोणी ठरवले? याच रेजिमेंटचे दुसरे अर्धांग, १५ वे हुसार्स, याचे उदाहरण घ्या. १८०८ मध्ये स्पेनमधील साहागून, १८१५ मध्ये वॉटर्लू ही त्यांची मानाची नावे. वॉटर्लूनंतर चार वर्षांनी, १६ ऑगस्ट १८१९ रोजी, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताचा हक्क मागायला जमलेल्या सुमारे साठ हजार निःशस्त्र लोकांवर घोडी घातली गेली. आधी स्थानिक हौशी स्वारांची, आणि मागून १५ व्या हुसार्सची. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली, आणि लोकांनी वॉटर्लूच्या चालीवर त्या दिवसाला 'पीटर्लू' असे नाव ठेवले. ते नाव कोणत्याही निशाणावर कोरलेले नाही. मग पीटर्लू त्या रेजिमेंटचा इतिहास आहे की नाही?

आणि येथेच एक समांतर उदाहरण फार उपयोगी पडते. मँचेस्टरला त्या जागी विसाव्या शतकाच्या सत्तरीत लावलेल्या निळ्या फलकावर एवढेच होते की येथे मोठी सभा भरली होती आणि लष्कराने ती 'पांगवली'. मेलेल्यांचा उल्लेखही नव्हता. शहरातल्या लोकांनी त्यावर मोहीम चालवली, तेव्हा २००७ मध्ये तो फलक बदलून नवा लाल फलक आला, आणि त्यावर शांततेने जमलेल्यांवर सशस्त्र स्वारांनी केलेला हल्ला, मृत्यू आणि जखमी हे सारे स्पष्ट लिहिले गेले. फलक उखडून टाका असे कोणी म्हटले नाही, जुनाच राहू द्या असेही म्हटले नाही. शब्द बदला म्हटले. 'पांगवली' आणि 'हल्ला केला' या दोन क्रियापदांतले अंतर पार करायला लोकांना पस्तीसेक वर्षे लागली, आणि ते लोक स्वतः इंग्रज होते, त्याच शहराचे करदाते होते. आपल्या असईच्या बाबतीत असे क्रियापद कोण मागणार? 'इतिहास म्हणून सोडून द्या' या वाक्यात सोडून देणारा नेहमी तोच का असतो, ज्याची बाजू लिहिलेली नसते?

यावर कोणी म्हणेल की मग हे सारे लष्करी संग्रहालयात न्यावे. नगराच्या संग्रहालयात नगराचे जहाजबांधे, खाणकामगार, कोळी असावेत, तलवारींना तेथे काय काम? या मुद्द्यातही तथ्य आहे. नगरपालिकेच्या तुटपुंज्या पैशात रेजिमेंटची झूल सांभाळणे परवडत नाही, हे इंग्लंडात वारंवार दिसले. लँकेशायर परगण्याने २०१६ मध्ये खर्च कापताना प्रेस्टनचे संग्रहालय बंद केले. त्यातच १४ व्या हुसार्सचे दालन होते, म्हणजे १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेतून झाशीवर चालून आलेल्या घोडदळाचे. स्पेनमधील व्हिटोरियाच्या लढाईत नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याच्या गाडीतून पळवलेल्या चांदीच्या मूत्रपात्राबद्दल ही रेजिमेंट जगभर ठाऊक आहे. झाशीबद्दल इंग्लंडात किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे. (शत्रूचे मूत्रपात्र मेजवानीत शँपेन प्यायला वापरणाऱ्या या संस्कृतीबद्दल एकदा स्वतंत्रपणे लिहायला हवे.) तेव्हा नगर-संग्रहालय हा भरवशाचा आसरा आहे असे मी म्हणत नाही.

तरीही माझा आग्रह नगर-संग्रहालयाचाच आहे, आणि त्याचे कारण शेजार. स्वतंत्र लष्करी संग्रहालयात जो जातो तो आधीच भक्त असतो. आपल्या अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहा: १९९४ पासून उभे आहे, उत्तम आहे, पण तेथे रणगाड्याशेजारी रणगाडाच असतो. न्यूकॅसलला मात्र घोडदळाच्या दालनातून बाहेर पडले की समोर 'टर्बिनिया' येते. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात हिने आगंतुकासारखे घुसून सगळ्या आरमाराला वेगात मागे टाकले, आणि नऊ वर्षांनी 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका याच पद्धतीच्या टर्बाइनवर समुद्रात उतरली. त्याच टाइन नदीच्या काठी, एल्स्विकला, आर्मस्ट्राँगचा तोफांचा कारखाना होता. म्हणजे कामगाराच्या हातातला पाना आणि स्वाराच्या हातातली तलवार एकाच शहरातून, एकाच साम्राज्याच्या मागणीवर बाहेर पडत होती. हे नाते फलकावर लिहावे लागत नाही, चालता चालता दिसते. दालन वेगळे काढले की शहर निर्दोष कारागीर ठरते आणि रेजिमेंट निर्भेळ पराक्रमी, दोन्ही खोटे. शिवाय नगर-संग्रहालयात शाळेची पोरे वाफेचे यंत्र पाहायला येतात आणि वाट चुकून हत्तीपर्यंत पोचतात. वाट चुकून आलेला पाहुणा सर्वांत चांगले प्रश्न विचारतो. भक्त विचारत नाही.

आता तिसरा तट, 'परत करा'. त्यामागची भावना मी हलकी लेखत नाही. लुटीचा माल हा लुटीचाच असतो आणि त्यावर तीन पिढ्या धूळ साचली म्हणून मालकी बदलत नाही. परंतु रेजिमेंटच्या कपाटात गेले की हा दावा कसा चालवायचा ते समजेनासे होते. एक वस्तू सांगतो. २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांच्या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनियार. पनियारला ९ वे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडदळ, होते. त्यांच्या उत्तराधिकारी रेजिमेंटचे संग्रहालयही असेच एका नगर-संग्रहालयात, डर्बीला, आहे. या मोहिमेत लढलेल्या सैनिकांना सरकारने एक पदक दिले: सहा टोकांची काशाची चांदणी, मध्ये चांदीचा छोटा तारा, त्यावर लढाईचे नाव आणि तारीख. ते कासे कोठले? जिंकून घेतलेल्या मराठी तोफांचे. कलकत्त्याच्या टांकसाळीत तोफा वितळवून चांदण्या पाडल्या. आता सांगा, यातले परत काय मागायचे? धातू आपला, घडण त्यांची, ज्याच्या छातीवर ती लागली तो डर्बीशायरचा शेतमजूर कदाचित, आणि त्यावर कोरलेले गावाचे नाव पुन्हा आपले. ही चांदणी परत आणून आपल्या कपाटात ठेवली तर तिच्यावर आपण काय लिहू? तिचा खरा उपयोग तेथेच आहे, फक्त तिच्याखाली 'शिंद्यांच्या तोफांच्या धातूपासून' हे तीन शब्द ठळक हवेत. वाघनखांचेही पाहा. ती तीन वर्षांच्या उसनवारीवर आली, आणि अफझलखानाच्या वेळची नखे हीच याची खात्री देता येत नाही असे ती देणाऱ्या संग्रहालयानेच म्हटलेले आहे. आपण मिरवणूक काढली, पण तिच्यामागच्या कागदांची चर्चा मूठभरांनी केली. वस्तू आणणे हे राजकारणाला सोपे जाते, मजकूर बदलवून घेणे कष्टाचे असते आणि त्याची मिरवणूक निघत नाही.

याच ९ व्या लान्सर्सची आणखी एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून सांगतो. एप्रिल १९०२ मध्ये ही रेजिमेंट दक्षिण आफ्रिकेतून सियालकोटला आली त्या सुमारास तिच्या दोन गोऱ्या शिपायांनी अटू नावाच्या एका स्वयंपाक्याला बेदम मारले, आणि तो मेला. रेजिमेंटच्या चौकशीत गुन्हेगार सापडेनात. व्हाइसरॉय कर्झन, ज्याला आपण बंगालच्या फाळणीसाठी ओळखतो, त्याने पुन्हा चौकशी लावली आणि सगळ्या रेजिमेंटच्या रजा बंद करून सामुदायिक शिक्षा केली. जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारातील संचलनात ९ वे लान्सर्स कर्झनसमोरून गेले तेव्हा जमलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनी त्यांचा जयजयकार केला. तो जयजयकार कोणाविरुद्ध होता हे कर्झनला कळले होते. युद्धसन्मानांच्या यादीत अटू नसतो, कारण तो लढाईत मेला नाही. मग रेजिमेंटच्या इतिहासात त्याची जागा कोठे? माझ्या मते पदकांच्या कपाटापासून हातभर अंतरावर. आणि हे मागायला तलवार परत मागण्याहून जास्त नैतिक बळ लागते, कारण ते मागताना आपल्याला काहीच मिळणार नसते.

आपल्याकडे अशा वाचनाचा धडा नाही असे नाही, तो तर सर्वांत मोठा धडा आहे. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. त्यावर कंपनीच्या मेलेल्या शिपायांची नावे कोरली, त्यांत 'नाक' हे अक्षर शेवटी असलेली महार शिपायांची नावे होती. शंभर वर्षे ते दगडावरचे अक्षर होते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि साम्राज्याच्या जयस्तंभाचा अर्थ ज्यांना साम्राज्याने व पेशवाईने दोघांनीही खाली ठेवले त्यांच्या मानाचा झाला. त्यासाठी स्तंभ पाडावा लागला नाही आणि हलवावाही लागला नाही. नावे वाचावी लागली. ज्या समाजाने एवढे करून दाखवले आहे, त्या समाजातील लोकांनी न्यूकॅसलच्या हत्तीसमोर आम्ही जाणार नाही म्हणून रुसून बसावे, याचे मला आश्चर्य वाटते. कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढलेले स्वार पुण्याच्या रिसाल्याचे होते, तोच पुढे पूना हॉर्स झाला आणि १९६५ व १९७१ मध्ये तारापोर आणि खेत्रपाल या दोघांच्या रूपाने त्याने भारताला दोन परमवीरचक्रे दिली. एकाच रेजिमेंटच्या भिंतीवर हे सारे लागोपाठ लिहावे लागते. लिहू नये असे कोण म्हणेल?

आणि हत्तीबद्दल एक शेवटचा चिमटा. असईला इंग्रजांकडून लढलेल्या मद्रासी सैन्यालाही तोच हत्ती मिळाला होता. स्वतंत्र भारताच्या लष्कराने भारतीय राज्यांविरुद्ध मिळवलेले जुने युद्धसन्मान साजरे करणे बंद केले, हे उचितच झाले. पण मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर ढाल आणि दोन तलवारींसह असईचा हत्ती आजही आहे. भारतीय जवान तो अभिमानाने वागवतात, आणि त्यांच्या मनात त्या वेळी शिंद्यांचा पराभव नसतो, आपली पलटण असते. न्यूकॅसलमधील हत्ती शत्रूचा आणि वेलिंग्टनमधील मद्रास रेजिमेंटच्या केंद्रातला हत्ती आपला, अशी वाटणी कोणत्या न्यायाने करायची? (ते गावही तमिळनाडूत वेलिंग्टन याच नावाने उभे आहे, हा योगायोग मुद्दाम जुळवल्यासारखा वाटतो.)

आमची सहल अखेर ठरली. निघण्यापूर्वी मुलांसाठी दोन पानांचे टिपण करायचे काम माझ्याकडे आले. त्यात असईचा नकाशा काढला, केळणा आणि जुई या नद्या दाखवल्या, इंग्रजीत 'सिंधिया' असले तरी आम्ही 'शिंदे' लिहिले, पेशव्यांचे स्वार कोणत्या काठावर होते ते न लपवता लिहिले. मॅक्सवेलचे नाव लिहिले, पोलमनचे लिहिले, वेलस्लीचे तर आलेच. मग एका मुलीने टिपण वाचून विचारले की मेल्याचे सोंग घेऊन पुन्हा उठलेल्या गोलंदाजांची नावे काय होती. आम्ही चार-पाच सुशिक्षित मराठी माणसे एकमेकांकडे पाहत राहिलो. इंग्रजांच्या दालनात ती नसतील याची आम्ही आधीच तक्रार मांडून ठेवली होती. आमच्याही टिपणात त्या ओळीपुढे जागा रिकामीच सोडावी लागली, आणि तसेच कागद छापून आम्ही पोरांच्या हातात दिले.